तुगरा पुसलेली रायफल

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो. मडके घेताना बाई टिचकी मारून आवाज ऐकते. जुने घर घेणारा शहाणा माणूस रंगाकडे पाहत नाही, पाया आणि वासे पाहतो. वापरलेली वस्तू घेण्याची ही रीत सगळ्या मुलखांत सारखीच आहे. विकणाऱ्याच्या बोलण्यावर थोडा आणि वस्तूच्या अंगावरच्या खुणांवर जास्त भरवसा ठेवायचा. या लेखात आम्ही अशाच एका वापरलेल्या वस्तूची तारीख सांगणार आहोत. ती वस्तू आहे बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, आणि तीही तुर्कस्तानच्या फौजेतून निवृत्त होऊन अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांच्या हाती गेलेली.

वाचक विचारतील, शिकारीच्या बंदुकीचे आपल्याला काय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक आवळला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेली वाटही जवळजवळ बंद केली. ते योग्यच झाले. तेव्हा ही रायफल कोणी विकत घ्यावी असे आम्हाला सुचवायचे नाही. पण तिच्या पोलादावर एकेकाळी जी अक्षरे आणि जे आकडे कोरलेले होते, ते आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत रोज फळ्यावर लिहितो. अमेरिकेतला खरेदीदार ज्या खुणेपाशी अडतो, ती खूण आमच्या पाचवीतल्या मुलाला थोड्या मदतीने वाचता येते. जुनी रायफल पारखण्याची विद्या आणि जुनी लिपी वाचण्याची विद्या इथे एकमेकींना येऊन मिळतात, म्हणून हा विषय घेतला.

ओबर्नडॉर्फचा कारखाना आणि सुलतानाची मागणी

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे काय ते आधी पाहू. दाराची कडी जशी पुढे सारून खाली पाडतात, तसा पोलादी दांडा पुढे सारून खाली वळवला की काडतूस नळीत बसते आणि मागची बाजू बंद होते. तोच दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर पडते. त्या दांड्याला बोल्ट म्हणतात. तो ज्या पोलादी घरात सरकतो आणि ज्याला पुढून आट्यांनी नळी बसवलेली असते, त्याला रिसीव्हर म्हणतात. रायफलीची खरी जान रिसीव्हर आणि बोल्ट यांत आहे. नळी बदलता येते, लाकडी दस्ता बदलता येतो, पण हे दोन बिघडले तर बाकीचे कितीही चांगले असून उपयोग नाही.

ही रचना ज्याने सर्वांत पक्की केली तो पीटर पॉल माउझर जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात १८३८ मध्ये जन्मला. थोरला भाऊ विल्हेल्म व्यवहार पाही, पॉल यंत्र पाही. त्यांची १८७१ ची रायफल नव्या जर्मन साम्राज्याच्या फौजेने घेतली. विल्हेल्म १८८२ मध्ये वारला. त्यानंतर पाच वर्षांनी कारखान्याला जे मोठे काम मिळाले ते इस्तंबूलहून आले.

सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या फौजेची फेररचना तेव्हा चालू होती. १८७७-७८ च्या रशियाशी झालेल्या युद्धात तुर्कांनी प्लेव्हनाचा किल्ला महिनोन् महिने झुंजवला, पण युद्ध हरले. १८८३ पासून कोल्मार फॉन डर गोल्ट्झ हा जर्मन अधिकारी उस्मानी फौजेला शिकवण देऊ लागला. १८८७ मध्ये माउझरशी ५ लाख रायफली आणि ५० हजार कार्बाइन यांचा करार झाला. या करारात एक कलम फार हुशारीचे होते. काम चालू असताना रायफलीत काही सुधारणा निघाली तर पुढचा माल त्या सुधारणेसकट द्यावा, असे ते कलम. थोड्याच वर्षांत बिनधुराची दारू आली, लहान व्यासाची वेगवान गोळी आली. तुर्कांनी कलमावर बोट ठेवले. १८८७ च्या मॉडेलची ९.५ मि.मी. काळ्या दारूची रायफल मध्येच थांबली आणि उरलेला माल ७.६५ मि.मी. व्यासाच्या १८९० च्या मॉडेलचा आला. त्यामागून १८९३ चे मॉडेल आले. तिच्यात पाच काडतुसे रायफलीच्या पोटातच दोन ओळींत बसत. मग १९०३ चे मॉडेल आले, जे जर्मनीच्या प्रसिद्ध १८९८ च्या माउझरच्या घराण्यातले होते.

तुर्की अधिकाऱ्यांचे तपासणी मंडळ ओबर्नडॉर्फमध्ये मुक्काम करून होते. रायफल घेण्याआधी तपासणी होई आणि पास झालेल्या मालावर शिक्का पडे. आज वापरलेली रायफल हातात घेऊन तिची नळी उजेडाकडे धरणारा माणूस जे करतो, ते या रायफलींच्या बाबतीत सर्वांत आधी त्या तुर्की अधिकाऱ्यांनी केले होते. रिसीव्हरच्या माथ्यावर सुलतानाचा तुगरा उठवलेला असे. बाजूच्या पट्टीवर कारखान्याचे नाव उस्मानी लिपीत असे. लहान लहान भागांवर चंद्र-तारा, आणि रायफलीचा क्रमांक व नेमाच्या पट्टीवरची अंतरे अरबी आकड्यांत. जर्मन कारागिरांनी ही अक्षरे न वाचता, पण एकही नुक्ता न चुकवता पोलादात उतरवली, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

या रायफलीवर तुगरा होता म्हणून ती 'आपली' असा फुकाचा अभिमान आम्ही बाळगत नाही. ती बनवली जर्मन कामगारांनी. तिचे पैसे देणारी उस्मानी तिजोरी १८८१ पासून परकीय सावकारांच्या कर्जव्यवस्थेखाली होती. स्वतःची रायफल स्वतः न घडवता आलेल्या सल्तनतीचीही ती निशाणी आहे.

समोरासमोर

या रायफलींचा आपल्या मुलखाशी जो संबंध आला तो दुःखाचा आहे. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक तुर्कांच्या जखमी शिपायांची शुश्रूषा करायला मुंबईहून निघाले होते. हिंदी मुसलमानांनी त्यासाठी पै-पै जमवली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईच्या त्याच बंदरातून गेलेले हिंदी शिपाई तुर्कांच्या समोर उभे होते.

पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन इराकमध्ये दजला नदीच्या काठाने बगदादकडे सरकत होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्या तुकड्याही असत. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनजवळ लढाई झाली. ज्या गावाला आपण सलमान पाक म्हणतो, जिथे हजरत सलमान फारसी यांची मजार आहे आणि किस्राच्या महालाची कमान उभी आहे, तीच ही जागा. तिथून माघार घेऊन डिव्हिजन कूट गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. वेढा घालणाऱ्या फौजेचा वरिष्ठ सेनापती तोच म्हातारा गोल्ट्झ होता. शरणागतीच्या दहा दिवस आधी तो बगदादला वारला.

म्हणजे खंदकाच्या एका बाजूला साताऱ्या-रत्नागिरीकडचा शिपाई ब्रिटिश ली-एनफिल्ड घेऊन बसलेला, आणि दुसऱ्या बाजूला अनातोलियाचा शेतकरी माउझर घेऊन. दख्खनी मुसलमान शिपाई शुक्रवारच्या खुतब्यात ज्या खलिफाचे नाव ऐकत आला होता, त्याच खलिफाच्या घराण्याचा तुगरा समोरच्या रायफलीवर होता. त्या शिपायाच्या मनात काय चालले असेल ते त्याने कुठे लिहून ठेवले नाही. पुढे १९१९ ते १९२४ या काळात खिलाफत चळवळीच्या सभा गावोगाव झाल्या, त्यांत कूटहून परतलेले काही लोक बसलेले असणारच.

हेही सांगितले पाहिजे की हत्यार कोणाच्या बाजूचे नसते. चनाक्कलेच्या टेकड्यांवर १९१५ मध्ये ज्या रायफलींनी आपले घर राखले, त्याच जातीच्या रायफली त्याच वर्षी आर्मेनियन लोकांच्या तांड्यांबरोबर चालणाऱ्या पहारेकऱ्यांच्या खांद्यावरही होत्या. तारीख लिहायची तर दोन्ही लिहावी लागते.

अंकाराच्या कारखान्यात

१ नोव्हेंबर १९२२ रोजी सल्तनत संपली. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत संपली. १९२७ मध्ये सरकारी आणि सार्वजनिक इमारतींवरचे सुलतानी तुगरे हटवण्याचा कायदा झाला. १९२८ च्या मे महिन्यात आकडे बदलले आणि १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने लिपीच बदलली. अरबी अक्षरे गेली, लॅटिन अक्षरे आली.

रायफलींच्या पोलादावर हा सगळा बदल उमटलेला दिसतो. नव्या प्रजासत्ताकाकडे निरनिराळ्या मॉडेलांच्या, निरनिराळ्या काडतुसांच्या रायफली पडून होत्या. काही जुन्या उस्मानी, काही महायुद्धात जर्मनीने दिलेल्या, काही झेकोस्लोव्हाकियातून घेतलेल्या. फौजेला एकच काडतूस हवे होते. १९३० नंतरच्या दशकात अंकाराच्या लष्करी कारखान्यात या साऱ्यांना ७.९२ मि.मी. च्या नव्या नळ्या चढल्या. बऱ्याच रिसीव्हरांवरचा तुगरा घासून काढण्यात आला आणि त्या जागी नवा छाप आला: टी. सी., आस. फा., अंकारा, आणि खाली १९३८ किंवा १९४० असे साल. टी. सी. म्हणजे 'तुर्किये जुम्हुरियेती'. आस. फा. म्हणजे 'अस्केरी फाब्रिका'. उर्दू जाणणाऱ्याला जुम्हुरियत आणि अस्करी हे दोन्ही शब्द लगेच ओळखू येतात. लिपी बदलली, पण त्या छापात शब्द जुनेच राहिले. काही रायफलींच्या बाजूच्या पट्टीवरची जुनी उस्मानी ओळ मात्र कारागिराच्या घाईने म्हणा की दयेने म्हणा, तशीच राहून गेली.

आकड्यांतली गल्लत

या रायफली तुर्की फौजेतून निवृत्त झाल्या आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ढिगांनी आल्या. १९६८ च्या कायद्याने तिथे फौजी बंदुकांच्या आयातीला बंदी होती, ती १९८४ मध्ये जुन्या ऐतिहासिक हत्यारांपुरती सैल झाली. कॉस्मोलिन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेली तुर्की माउझर तेव्हा शंभर डॉलरच्याही आत मिळे. शेतावर राबणारा, पगारदार, साधा माणूस ती घेई, ग्रीस पुसे, नळी आखूड करी, दस्ता बदली आणि हरणाच्या हंगामात रानात नेई. अशा बदललेल्या रायफली पुढे पुन्हा विक्रीला आल्या. म्हणजे एकदा सुलतानाची, एकदा प्रजासत्ताकाची, एकदा शिकाऱ्याची आणि आता चौथ्या मालकाच्या शोधात.

हे घराणे अमेरिकेला नवे नव्हते. १८९३ चेच मॉडेल ७ मि.मी. व्यासात स्पेनने घेतले होते. १८९८ मध्ये क्यूबातल्या सान हुआन टेकडीवर त्या रायफलीचा मार अमेरिकनांनी खाल्ला. मग त्यांनी आपली १९०३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल माउझरच्या धर्तीवर बनवली आणि त्याबद्दल माउझरला २ लाख डॉलर मोजले. तिथल्या शिकाऱ्यांची आवडती, १९३६ मध्ये निघालेली विंचेस्टरची सत्तर नंबरची रायफलही याच वंशातली. १९६४ मध्ये कंपनीने तिची माउझर धर्तीची रचना बदलली, तेव्हापासून जुना खरेदीदार 'चौसष्टच्या आधीची' आहे का असे विचारून मगच हात लावतो.

अमेरिकेच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन वस्तू म्हणून वेगळी धरली जाते. तेव्हा रायफल कोणत्या सालची हा नुसत्या कुतूहलाचा प्रश्न राहत नाही. आणि इथेच खरेदीदाराची गल्लत होते. अरबी आकड्यांत पोकळ गोल म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी वाचणारा गोलाला शून्य समजतो आणि ठिपक्याला पोलादावरचा खड्डा समजतो. अरबी सहा त्याला इंग्रजी सातासारखा दिसतो. आपल्या उर्दू पाटीवरचे चार, पाच आणि सहा यांचे वळणही जरा निराळे असल्यामुळे आपला मुलगाही क्षणभर थबकेल, पण गोलाला शून्य म्हणणार नाही.

आकडे वाचता आले तरी साल कळतेच असे नाही. उस्मानी कारभारात हिजरी सनाबरोबर माली किंवा रूमी नावाचा सन चाले. तो सूर्यावर चालणारा, मार्चमध्ये सुरू होणारा होता. त्यात ५८४ मिळवले की ढोबळमानाने इसवी साल मिळते. १३०९ हा आकडा हिजरी धरला तर १८९१-९२ येते आणि माली धरला तर १८९३-९४. दोन वर्षांचा फरक पडतो. सरकारी वस्तूवरचा आकडा दिसला की आधी सन कोणता ते विचारायचे, हा नियम रायफलीला लागू आहे आणि आपल्याकडच्या शिलालेखांनाही. दख्खनच्या जुन्या कागदांवर शुहूर सन, फसली सन आणि हिजरी सन एकमेकांत मिसळलेले असतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

पारख कशी करतात

आता प्रत्यक्ष पारखीकडे येऊ. चांगली वापरलेली शिकारी रायफल निवडण्याचे जे नियम आहेत, ते तुर्की माउझरने फार चांगले शिकवले, कारण तिच्यात प्रत्येक दोष सापडतो.

सर्वांत आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, मग बोल्ट बाहेर काढून नळीतून उजेड पाहायचा. आतले पेच धारदार आणि चकचकीत हवेत. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार राहत. ते हवेतला ओलावा धरत आणि लोखंड खात. शिपायाने त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नसेल तर पंचवीस-पन्नास वर्षांनीही तो आळस काळ्या खड्ड्यांच्या रूपाने दिसतो. नळीचे तोंडही पाहायचे. साफ करण्याची लोखंडी सळई पुढून घालून घालून तोंड झिजते आणि मग गोळी सरळ जात नाही.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. बोल्ट आणि रिसीव्हर यांचे क्रमांक जुळतात का? नसतील तर बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा आहे. त्याने रायफल वाईट ठरत नाही, पण मग हेडस्पेस मोजून घ्यावाच लागतो. बंद बोल्ट आणि नळीत बसलेले काडतूस यांच्यातल्या जागेचा तो हिशेब. जागा जास्त झाली तर पितळी टरफल फाटून जळता वायू मागे, थेट माणसाच्या डोळ्यांकडे येऊ शकतो. यासाठी पोलादी मापे मिळतात आणि जाणता बंदूककारागीर दोन मिनिटांत सांगतो. अंकारात हजारो रायफली एकदम सोडवून जोडल्या गेल्या, म्हणून तुर्की माउझरच्या बाबतीत ही तपासणी टाळणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे.

तिसरी गोष्ट, मूळ मॉडेल ओळखायचे. वर १९३८ चा छाप असला तरी खाली १८९३ चा रिसीव्हर असू शकतो. १८९८ च्या माउझरच्या बोल्टला पुढे दोन आणि मागे सुरक्षेची तिसरी अशा तीन कुड्या असतात. १८९३ च्या बोल्टला तिसरी नसते आणि टरफल फाटले तर वायू बाहेर सोडण्याची सोयही कमी असते. बोल्ट वर उचलताना घोडा ताणला गेला तर रचना नवी, पुढे ढकलून बंद करताना ताणला गेला तर जुनी, अशी एक सोपी ओळख सांगतात. जुन्या रिसीव्हरला जोरकस आधुनिक काडतूस देऊ नये. काही तुर्की रिसीव्हर बाहेरून जाड असूनही आतले आटे लहान नळीचे असतात, त्यामुळे नवी नळी मागवणाऱ्याची फसगत होते.

चौथी गोष्ट काडतुसाची. नळी मूळची ७.६५ ची की बदललेली ७.९२ ची, हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडायचे नाही. नळीच्या मागच्या पोकळीचा साचा काढून मोजतात. पाचवी गोष्ट दस्त्याची. रिसीव्हरच्या मागे, जिथे मूठ बारीक होते, तिथे केसासारखी चीर असते. तेल मुरलेल्या लाकडात ती पटकन दिसत नाही. सहावी गोष्ट चापाची. रिकामी रायफल ताणून सुरक्षेचा खटका लावायचा, चाप ओढायचा, सोडायचा आणि खटका काढायचा. त्या वेळी घोडा आपोआप पडला तर रायफल परत करायची. शिकाऱ्यांनी चाप हलका करण्यासाठी घासलेला असतो, त्याचा हा परिणाम.

शिकाऱ्याच्या आणखीही काही अडचणी असतात. फौजी रायफलीची नळी लांब, १८९३ च्या मॉडेलची सुमारे ७४ सें.मी. झाडीत ती अडते. बोल्टचा दांडा सरळ आडवा असतो, दुर्बीण बसवली की तो तिला अडतो, म्हणून वाकवावा लागतो. दुर्बिणीसाठी पाडलेली भोके वाकडी असतील तर आधीच्या मालकाचा हात कसा होता ते कळते. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर तेच.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुनी रायफल आरशासारखी चमकत असेल तर सावध व्हायचे. गंजाचे खड्डे लपवण्यासाठी पोलाद चाकावर घासतात आणि वरून नवा निळा मुलामा देतात. ओळखायचे कसे? कोरलेल्या अक्षरांच्या कडा पाहायच्या. मूळ अक्षराची कड बोटाला टोचते. घासलेल्या अक्षराची कड गोल झालेली असते, आकडे अर्धवट बुजलेले असतात. अक्षरे शाबूत असतील तर पोलादही बहुतेक शाबूत असते. म्हणून जाणता खरेदीदार, त्याला ती लिपी वाचता येवो वा न येवो, अक्षरांकडे पाहतो. पूर्वी शंभर डॉलरला न विचारली जाणारी तुर्की माउझर तुगरा न घासता मिळाली तर संग्राहक आता तिच्यासाठी जास्त मोजतात. ज्यांनी ती कापून, घासून नवी केली त्यांनी चालवण्यापुरती रायफल मिळवली आणि तिची सनद गमावली.

आपल्या घरातले पोलाद

हिंदुस्थानात साम्राज्याने दुसरी युक्ती केली. १८७८ च्या हत्यार कायद्याने सामान्य प्रजेला परवान्याशिवाय हत्यार ठेवता येईना. पुढे फौजी ३०३ बोअर खाजगी माणसाला मना झाले. म्हणून शिकाऱ्यांसाठी ३१५ बोअरची रायफल आली. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या फौजी काडतुसावरून घेतलेले, मुद्दाम असे की ते इथल्या फौजी रायफलीत चालू नये आणि फौजी काडतूस हिच्यात चालू नये. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही तीच ३१५ बनवली. राज्यकर्ता प्रजेवर किती भरवसा ठेवतो, हे कधी कधी नळीच्या व्यासावरूनही मोजता येते.

आपल्या वस्त्यांत रायफली नाहीत. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एखादी ठासणीची बंदूक असेल, तेवढीच. पण जुन्या खुणा असलेल्या वस्तू आणि कागद आपल्याकडे भरपूर आहेत. दर्ग्याच्या इनामाची फारसी सनद, मशिदीच्या जमिनीचा मोडी कागद, आजोबांच्या निकाहनाम्यावरची हिजरी तारीख, तांब्याच्या हंड्यावर ठोकलेले नाव. तुर्कस्तानातल्या नातवाला आजोबाच्या रायफलीवरची ओळ वाचता येत नाही, कारण कायद्याने लिपी बदलली. आपल्याकडे तसा कायदा कोणी केला नाही. मोडी आपण सारे मराठी भाषक मिळून विसरलो, फारसी आपण मुसलमान म्हणून विसरलो. आता इनामाच्या जमिनीचा वाद उभा राहतो तेव्हा मुतवल्ली कागद घेऊन वाचणारा शोधत हिंडतो, आणि समोरचा पक्ष त्याआधीच आपल्याला सोयीचे भाषांतर करून बसलेला असतो. न वाचता आलेला कागद हा घासलेल्या रिसीव्हरसारखाच. तो कोणीही आपल्या नावाचा छाप मारून घेतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरात, दर्ग्यात, मशिदीत असे काही जुने असेल तर ते चकचकीत करायला घेऊ नका. तांब्याला चिंच लावण्याआधी त्यावरची अक्षरे एखाद्या वहीत उतरवून घ्या. दगडाला ऑइल पेंट फासण्याआधी त्यावर काय कोरले आहे ते पाहा, आणि सन कोणता ते जाणकाराला विचारा. सनदेची झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लास्टिकमध्ये डकवू नका. गावात मोडी वाचणारा एखादा म्हातारा कारकून उरला असेल तर दोन तरुणांना त्याच्याकडे महिनाभर बसवा, मग ते तरुण मराठी शाळेतले असोत वा उर्दू शाळेतले. आमच्या वर्गात आम्ही आकडे शिकवताना हिजरी सालाचे इसवीत रूपांतर करायला लावतो. मुले कुरकुरतात. पण पोकळ गोल म्हणजे पाच हे ज्या मुलाला माहीत आहे, त्याला त्याच्या पणज्याच्या जमिनीचे साल कोणी खोटे सांगू शकणार नाही.